ड्रायव्हरच्या बाजूचे तांदूळ

बाईने पांढरी ताटली माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, "मिस्टर शिंट्री, हे काय आहे?"

ताटलीत तांदळाचे अकरा दाणे होते. चिमट्याने एकेक उचलून तिने ते ओळीत लावले होते. काही पांढरे, काही लालसर.

"राईस," मी म्हणालो.

"ते दिसतंय. हा लाल रंग कसला?"

"कुंकू." तिला कळलं नाही. "पावडर," मी म्हणालो. "फॉर गॉड."

माझं इंग्रजी कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं. लेथ, ड्रिल, बेअरिंग, डिलिव्हरी डेट, एवढ्या भांडवलावर मी तीस वर्षं वर्कशॉप चालवलं. देवाधर्माचं इंग्रजी कधी लागलंच नव्हतं.

"आणि हा," ती म्हणाली आणि झाकणाची एक लहान डबी पुढे केली. आत किडा चालत होता. तांदळातला, काळा, सोंडेचा. आपल्याकडे बाया सूप घेऊन बसल्या की असले शंभर किडे उन्हात पळवून लावतात. इथे त्या एकट्याला स्वतंत्र डबी होती, डबीवर नंबर होता, आणि त्याच्यापायी माझी गाडी अडली होती.

"जिवंत आहे," ती गंभीरपणे म्हणाली.

आमच्या घरातलं कोणीतरी जिवंत पोचलं, असं माझ्या मनात आलं. आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही. त्या दिवसांत कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवत होतो, झोपत होतो, दाढी करत होतो. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल आपला असून नसल्यासारखा होतो ना, तसा मी सगळाच होतो.

सात वर्षं झाली त्याला. ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळचं बंदर, तिथली तपासणीची शेड, शुक्रवारची सकाळ. शेडच्या मधोमध आमची जीप उभी होती. चारी दारं उघडी, बॉनेट वर, आणि आजूबाजूला मी माझ्या हाताने बनवलेली लाकडी खोकी, ड्रॉवर, टपावरचा तंबू, सगळं ओळीने मांडलेलं. तपासणीची ही बाई, हेदर तिचं नाव, पन्नाशीची असेल. केस पिकलेले, हातात निळे मोजे. तिचा आवाज कधी चढला नाही.

जीप आमची, म्हणजे माझी आणि हेमाची. हेमा माझी बायको. मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून ती रिटायर झाली. खडू न उचलता एका रेघेत ऑस्ट्रेलिया काढायची. पण स्वतः कधी गोव्याच्या पलीकडे गेली नव्हती. आम्हाला मूलबाळ नाही. रिटायर झाली त्या संध्याकाळी चहाचा कप ठेवत म्हणाली, "अहो, तो फळ्यावर काढत होते तो देश एकदा बघायचाय. विमानातून उतरून हॉटेलात राहायचं असलं नाही. आपल्या गाडीनं. वाळवंटातून. जिथं अंधार पडेल तिथं मुक्काम."

लोकांनी वेड्यात काढलं. तिकडे गाड्या भाड्याने मिळत नाहीत काय, असं सगळ्यांनी विचारलं. हेमाचं उत्तर ठरलेलं होतं. "लग्नानंतर सहा वर्षं भाड्याच्या खोलीत काढली. आता पुरे."

मग मी आठ महिने खपून जीपच्या मागच्या भागात घर बांधलं. ओढलं की बाहेर येणारा ओटा, पाण्याची टाकी, मसाल्याच्या डब्यांना खाचा. न्हावा शेवा बंदरावर काणे म्हणून एजंट होते, त्यांनी कागदपत्रं केली. गाडी परत घेऊन येऊ असं लिहून देणारं एक पुस्तक असतं, त्याला ते गाडीचा पासपोर्ट म्हणायचे. त्यांनी एकच गोष्ट दहादा बजावली होती. तिकडे माती चालत नाही, बी चालत नाही, वाळलं पान चालत नाही. सापडलं तर गाडी आल्या पावली परत.

मास्तरीणच ती. हेमाने पंधरा दिवस गाडी घासली. जुना टूथब्रश, कान कोरायच्या काड्या आणि हातात आरसा घेऊन ती गाडीखाली उताणी झोपायची. मसाल्यातली तमालपत्रंसुद्धा तिने वेचून काढली. गाडी कंटेनरमध्ये गेली आणि बोट सुटली. बोट सुटल्याच्या नवव्या दिवशी कपिलतीर्थ मंडईत मेथीची जुडी हातात घेऊन उभी असताना हेमा खाली बसली, ती उठली नाही. डोक्यात रक्तस्राव. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तेराव्याला तिचा धाकटा भाऊ पोपट माझ्याजवळ येऊन बसला. एसटीत ड्रायव्हर होता, नुकताच रिटायर झालेला. तोंड असं की बस बंद पडली तरी याची बडबड बंद पडायची नाही. तो म्हणाला, "दाजी, गाडी तिकडं पोचंल. आणायला तर जायालाच पायजे. मी येतो. आक्काच्या जागी."

"ये," मी म्हणालो.

त्याच्या व्हिसात महिना गेला. तोवर गाडी गोदामात पडून होती. दोन महिन्यांनी आम्ही दोघं तिथे उतरलो. पोपटच्या पिशवीत आक्काने आखलेला नकाशा होता, आणि तो वाळवंटातून जायच्या गोष्टी करत होता. माझं मात्र निघतानाच ठरलं होतं. गाडी ताब्यात घ्यायची आणि दुसऱ्या बोटीत घालून परत पाठवायची. हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

दुपारी बाराला हेदरने माझ्या हातात कागद दिला. त्यावर दोन चौकोन होते. एक, गाडी त्यांच्या माणसांकडून पूर्ण खोलून साफ करून घ्यायची, भट्टीसारख्या खोलीत तापवायची, मग ताब्यात मिळणार. दोन, गाडी सील करून परत भारतात. दोन्हींपैकी एकावर खूण करून चारच्या आत सही. चारनंतर सही नसेल तर दुसरा चौकोन आपोआप.

शेडमध्ये फक्त मालकाला सोडत होते. पोपट फाटकाबाहेर फूटपाथवर बसून होता. मला बघून उठला.

"काय म्हणत्यात?"

"तांदूळ सापडले."

"तांदूळ? किती, पोतंभर?"

"अकरा दाणे."

"अकरा!" पोपट हसला. "अवो, अकरा दाण्यात चिमणीचा सुदीक नाष्टा व्हायचा न्हाई! आन् त्यापायी येवढा बोलबाला? मी जातो आत. म्हणतो, बाई, दे ते दाणं हिकडं, खाऊन टाकतो तुझ्यासमोर."

"किडा पण आहे. जिवंत."

"मग त्यो बी खातो."

मी कागद त्याच्या हातात दिला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. कुठला चौकोन कसला ते मी सांगितलं. तो लगेच म्हणाला, "पयल्यावर खूण करा. चार दिस जातील, जाऊ द्यात. आपल्याला कुठं डेपोत गाडी लावायची हाय?"

"मी दुसऱ्यावर करणार आहे."

"म्हंजे?"

"परत पाठवायची."

पोपटचं हसू तोंडावरच राहिलं. "दाजी, येवढं लांब येऊन?"

"मी परत न्यायलाच आलो होतो."

"आन् मला कशाला आणलंसा मग?"

"तू येतो म्हणालास. मी ये म्हणालो."

"आक्कानं नकाशा काढलाय," तो म्हणाला. "कुठं पाणी भरायचं, कुठं डिझेल घ्यायचं, समदं लिवलंय. तिनं तीस वर्सं..."

"कुणासाठी जायचं, पोपट?"

मी रागावलेलो असतो तर त्याला बरं वाटलं असतं. पण मी दर सांगावा तसा बोलत होतो. तो पुन्हा फूटपाथवर बसला आणि पहिल्यांदाच गप्प झाला. मी त्याला इथे येऊन विकत घेतलेली पोळीभाजी खायला सांगितली आणि आत गेलो.

हेदरला म्हणालो, "सेंड बॅक. आय साईन."

"सही थांबवा जरा," ती म्हणाली. "परत पाठवा नाहीतर इथे ठेवा, किडे आणखी कुठे आहेत ते मला आधी बघावंच लागणार. ड्रायव्हरच्या सीटखाली आमच्या माणसांना पोचता येत नाही. स्क्रूच सापडत नाहीत."

सापडणार कसे? ते मीच लपवले होते. सीटखाली मी पत्र्याची पेटी बसवली होती, पासपोर्ट आणि कागद ठेवायला. चोराला दिसू नयेत म्हणून स्क्रू गालिच्याच्या शिलाईआड घेतले होते. माझ्या त्या कारागिरीचं हेमाने सगळ्या गल्लीत कौतुक केलं होतं.

हेदरने मला पांढरा अंगरखा घालायला दिला, हातमोजे दिले. मी गुडघे टेकून बसलो आणि माझंच काम खोलायला लागलो. आठ स्क्रू, मग दोन बोल्ट. सीट उचलली, पेटी बाजूला केली.

खाली तांदूळच तांदूळ होते. सीट मागेपुढे सरकते त्या खाचेत, चटईच्या घडीत, ब्रेकच्या मागे. खाचेतल्या ग्रीसला चिकटलेले. मूठभर असतील. पांढरे, लाल, दोनचार हळदीने पिवळे.

हेदर टॉर्च घेऊन वाकली. बराच वेळ बघत होती. मग तिने गाडीचा एक छापील आराखडा काढला, आणि जिथे जिथे दाणे मिळाले तिथे टिंबं दिली. बॉनेटवरच्या जाळीत दोनतीन. शेजारच्या सीटकडे एकही नाही. मागच्या ओट्यात, ड्रॉवरमध्ये, एकही नाही. सगळी टिंबं ड्रायव्हरपाशी.

"मागचं सगळं इतकं स्वच्छ आहे की मी अशी गाडी पाहिली नाही," ती म्हणाली. "आणि हे इथेच. पिशवी फुटली असती तर ढीग झाला असता. हे कोणीतरी फेकलेत. गाडीवर नाही, ड्रायव्हरवर. का?"

मी त्या टिंबांकडे बघितलं आणि मला न्हावा शेवाचं आवार दिसलं.

कंटेनर उघडा होता. गाडी आत घालायला मी सीटवर बसलो होतो, इंजिन चालू. काणे म्हणाले, "वहिनी, नारळ फोडल्याशिवाय गाडी हलवू नका." हेमाने नारळ आणलाच होता. पण नियम म्हणजे नियम. काण्यांनी खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला, त्यावर नारळ फोडला आणि करवंटीची शेवटची कपची वेचून पिशवीत भरली. चाकाखाली लिंबू ठेवायला कोणी पुढे झालं, तर काणे ओरडले, "लिंबू नको! बी असतं त्यात!" इतकी काळजी. फोर्कलिफ्टवाल्याने चपला काढून हात जोडले. मग हेमाने ताम्हनात निरांजन लावलं, आणि अक्षता टाकल्या. तिथे एजंट होते, हमाल होते, मी होतो, पंधरा दिवस टूथब्रश घेऊन गाडीखाली झोपलेली ती स्वतः होती. अक्षता हेही धान्यच, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दोनचार दाणे बॉनेटवर टाकून ती माझ्या खिडकीशी आली. म्हणाली, "काच खाली घ्या."

"आता काय?"

"घ्या तर."

काच खाली घेतली. तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं आणि उरलेल्या सगळ्या अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्या. मी म्हणालो, "आटप गं, डिझेल जळतंय." शर्ट झटकला आणि गिअर टाकला. झटकलेलं सगळं सीटखाली गेलं असणार.

मला तोवर वाटत होतं तिने गाडीची पूजा केली.

"मिस्टर शिंट्री?" हेदर वाट बघत होती.

"माय वाइफ," मी म्हणालो. "फॉर मी. सेफ जर्नी."

तिने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "गाडी भरली कोणी? तुम्ही की त्यांनी?"

"शी."

"मग मला त्यांच्याशी बोलावं लागेल. आणखी कुठे काय ठेवलंय ते त्याच सांगू शकतील. त्या बाहेर आहेत का?"

"नो."

"हॉटेलवर? भारतात आहेत? फोन लावून द्या, मी बोलते. दोन मिनिटांचं काम आहे."

मी तोंड उघडलं आणि मला वाक्य सापडेना. इंग्रजी सापडेना असं मला आधी वाटलं. मग कळलं की मला ते मराठीतही सापडत नव्हतं. मी ते कधी बोललोच नव्हतो. कोल्हापुरात कुणाला सांगायची वेळच आली नाही. डॉक्टरांनी पोपटला बाजूला घेऊन सांगितलं, पोपटने घरोघर फोन केले, पेपरात फोटो त्याने दिला, बँकेत, शाळेत तोच जाऊन आला. माझ्यासमोर येणारा प्रत्येक माणूस आधीच सगळं कळून, चेहरा पाडून येत होता. मी फक्त मान हलवत होतो. दोन महिने मी नुसती मान हलवली होती. आणि इथे सात समुद्र ओलांडल्यावर एका बाईला काहीच माहीत नव्हतं. तिला सांगणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"शी इज..." मी म्हणालो. परत म्हणालो, "माय वाइफ... डेड."

शेडमध्ये कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता. माझा आवाज मला परक्याचा वाटला. पण ते मी बोललो होतो, आणि बोलल्याबरोबर ते खरं झालं. मी गाडीच्या पायरीवर बसलो.

हेदरने हातमोजे काढले. खुर्ची आणून माझ्यासमोर मांडली आणि बसली. "केव्हा?"

"कार इन द शिप."

"काय झालं होतं?"

मी सांगितलं. मंडई, मेथी, दवाखाना. माझ्या त्या लेथच्या इंग्रजीत. मेथीला शब्द नव्हता, मी लीफ म्हणालो. माझं सांगून झाल्यावर तिने पाणी आणून दिलं, आणि मग पुन्हा मोजे घालून ते सगळे दाणे चिमट्याने उचलून पिशवीत भरले. पिशवीवर नंबर घातला. ते जाळून टाकावे लागतील, असं म्हणाली. ठेवून घेऊ का असं मी विचारलं नाही, आणि तिनेही नियम मोडायचं नाटक केलं नाही. त्याबद्दल मी तिचा आजही आभारी आहे.

"तुमची सही," ती म्हणाली. "पावणेचार झालेत."

कागद समोर होता. हेमाने मला ओवाळलं होतं ते गाडी परत न्यायला नव्हे. मी पहिल्या चौकोनात खूण केली. सही बँकेने नाकारली असती अशी आली.

"बुधवारी मिळेल," हेदर म्हणाली.

मी फाटकाबाहेर आलो. पोपट धावतच आला. उन्हाने तांबडालाल झाला होता, आणि पोळीभाजीला त्याने हात लावला नव्हता.

"काय झालं वो दाजी? काय म्हणली ती?"

गाडी बुधवारी मिळणार, एवढंच मला सांगायचं होतं. खरंच तेवढंच. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"पोपट, हेमा गेली रे."

तो जागच्या जागी थांबला. त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग हळूच डोक्यावरची टोपी काढली.

"कवा वो?" त्याने विचारलं.

"अकरा तारखेला. सकाळी मंडईत गेली होती..."

मला रडू फुटलं. त्याने माझा हात धरून मला फूटपाथवर बसवलं आणि शेजारी बसला. जो त्या सकाळी मंडईत तिच्यासोबत होता, ज्याने तिला उचलून रिक्षात घातलं होतं, जो दवाखान्याच्या दारात माझ्याआधी पोचला होता, ज्याने तिला खांदा दिला होता, त्याला मी रडत रडत सगळं पहिल्यापासून सांगितलं. तोही रडत होता आणि प्रत्येक वाक्याला विचारत होता, "मग? मग काय झालं?" मला हे ठाऊक आहे, असं तो एकदाही म्हणाला नाही.